मदत हवी आहे: वाळूत नांगर धरत नाही, होडी सरकते

मुक्काम देवबाग, कर्ली खाडीची बाजू. मामाची 18 फुटी फायबरची होडी यंदा माझ्याकडे आली आहे. तळाला नुसती वाळू, खडक नाही. नांगर चार नख्यांचा, घडीचा, 4 किलोचा, साखळी नाही. दोर बाजारात मिळतो तो निळा प्लास्टिकचा.

परवा द्वितीयेला सकाळी 7 वाजता, सुकती (ओहोटी) संपता संपता, नांगर टाकला. वल्हं उभं करून बघितलं तर पाणी सव्वा मीटर. 8 मीटर दोर सोडला, म्हणजे खोलीच्या सहापट. पाचपट पुरे असं वाचलं होतं, म्हणून निर्धास्त जेवायला घरी आलो. साडेअकराला मामी कपडे वाळत घालताना ओरडली, "अरे, तुझी होडी खय चल्ली?" बघतो तर होडी खाडीच्या आतल्या अंगाला चाळीसेक पावलं सरकलेली, शेजाऱ्याच्या होडीला जवळजवळ टेकलेली. नांगर वर काढला तर नख्या स्वच्छ, वाळूचा कण नाही.

10 किलोचा नांगर घ्यावा का? की माझंच काही चुकतंय?

खाडीकाठचा: हिशेब चुकतोय. द्वितीया म्हणजे उधाण. पाणी दोन मीटर तरी चढतं. तुमचं सव्वा मीटर दुपारपर्यंत सव्वातीन मीटर झालं. त्यात नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची धरा, अर्धा-पाऊण मीटर. झाले चार. 8 मीटर दोर म्हणजे जेमतेम दुप्पट! दोर उभा झाला की नांगर आडवा न ओढला जाता वर उचलला जातो. भरतीचं पाणी धरून पाचपट म्हणजे 20 मीटर, वारा असेल तर सातपट, 28. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं तेव्हा, कमी चालेल, पण रोज कोण मोजत बसतो?

निवृत्त_दर्यावर्दी: वजनाच्या मागे लागू नका. नख्यांचा नांगर खडकात अडकायला चांगला, वाळूत तो नांगरटी करत जातो. दोन चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ घ्या. तुमच्या होडीला 4-5 किलोचा पुरे. पुढे 2-3 मीटर साखळी हवीच, तिच्यामुळे दांडा तळाला पडून राहतो. आणि तो निळा दोर बदला. तरंगतो तो, कधीतरी इंजिनाच्या पंख्यात जाणार. नायलॉनचा बुडतो, ताणही खातो.

टाकतानाही नांगर दोरासकट भिरकावू नका, साखळी पात्यांवरच गोळा होते. तळाला लागेपर्यंत हाताने सोडा, होडी मागे जाऊ द्या, दोर पुरता सुटला की बांधा आणि इंजिन हळू रिव्हर्स घ्या. तेव्हा दोरावर हात ठेवा. थरथरला तर नांगर घसरतोय. ताठ, गप्प राहिला तर बसला.

मालवणकर्रीण: छातीभर पाणी असेल तर उतरून पायाने पाती दाबली तरी चालतात. आमचे बाबा तेच करत. फक्त पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेली असते, काटा लागला की दोन दिवस रडाल. (अनुभव आहे.)

धागाकर्ता: हिशेब वाचून कपाळावर हात मारला. पण 28 मीटर दोर सोडला तर भरती-सुकतीला होडी केवढी फिरेल? शेजारची होडी 30 मीटरवर आहे.

निवृत्त_दर्यावर्दी: मग दोन नांगर. एक खाडीच्या मुखाकडे, एक आत, दोन्ही दोर नाळेलाच. भरतीला एक धरतो, सुकतीला दुसरा, होडी जागच्या जागी फिरते. मागून बांधायचा मोह टाळा. ओढ आली की मागची बाजू दबते आणि पाणी आत येतं, इंजिनाचं वजन तिथेच असतं.

खाडीकाठचा: आणि निघण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, पुढचा माड आणि मागच्या घराचं कौल वगैरे. दहा मिनिटांनी रेषा मोडली नसेल तर खुशाल जेवायला जा.

धागाकर्ता: डॅनफोर्थ, 3 मीटर साखळी आणि नायलॉन आणतोय. जुना नांगर दुसरा म्हणून वापरला तर चालेल का, की तोही बदलू?

निवृत्त_दर्यावर्दी: बदला. सुकतीचा जोर जास्त असतो, आणि तिकडे पुढे समुद्र आहे.