नॉन-कोडिंग आरएनए: 'निरर्थक' नको, मग काय?

खडूफळा: रुग्णांसाठीची एक मराठी पुस्तिका तपासतोय. विषय, कर्करोगात नॉन-कोडिंग आरएनएचा हात. अनुवादात सगळीकडे 'निरर्थक आरएनए' आहे. खटकतंय, पण पर्याय सुचेना.

पेशीवाली: ते आधी खोडा. सुसुमु ओनो या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये रूढ केलेल्या 'जंक' (भंगार) डीएनएची ती सावली. आपल्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांची कृती सांगतो. बाकीच्यातून निघणारे आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरलेल्या नकला, प्रथिन बनवत नाहीत, एवढंच. सीएलएल या रक्ताच्या कर्करोगात बऱ्याच रुग्णांच्या १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तिथे प्रथिनाचं कुठलं जनुक हरवतंय ते संशोधक शोधत होते. २००२ मध्ये हाती लागले दोन चिमुकले मायक्रोआरएनए, मिर-१५ए आणि मिर-१६-१. बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालणं हे त्यांचं काम. आवर सुटला की मरायला हव्या त्या पेशी मरतच नाहीत, साठत जातात. ह्याला निरर्थक म्हणायचं?

आडवाट: 'असंकेती' कसं वाटतं? जनुकीय संकेत (जेनेटिक कोड) हा शब्द आहेच.

खडूफळा: संकेत म्हटलं की सामान्य वाचकाला साहित्यसंकेत आठवणार, नाहीतर संकेतस्थळ. (ती तर मुळात प्रेमिकांच्या चोरून भेटण्याची जागा!) 'नियामक आरएनए' केलं तर?

पेशीवाली: अर्थ छान, पण माप चुकतं. रायबोसोमल आणि ट्रान्स्फर आरएनएसुद्धा नॉन-कोडिंगच. ते प्रथिनांच्या कारखान्यातले गवंडी आणि हमाल, मुकादम नव्हेत.

आडवाट: मग 'बिन' लावा. बिनतारी संदेशात तार नसते, तरी संदेश पोचतो. नकार आहे, हेटाळणी नाही. 'बिनप्रथिनी आरएनए'.

खडूफळा: डाएटच्या पाकिटावरचं वाटतंय हो! पण बिनतारीचा दाखला पटला. पहिल्यांदा 'प्रथिन न बनवणारे (नॉन-कोडिंग) आरएनए' असं लिहितो, पुढे नुसतं नॉन-कोडिंग. पुस्तिकेत आणखी एक रत्न आहे: 'कर्करोगाची प्रगती'.

पेशीवाली: अरे देवा. प्रगतिपुस्तक द्यायचंय का त्याला? आजार बळावतो, पसरतो. घरात, दवाखान्यात सगळे हेच म्हणतात. हॉटएअर नावाचा लांबलचक आरएनए स्तनाच्या गाठीत खूप वाढलेला असला तर आजार इतरत्र पसरण्याचा धोका जास्त, असं २०१० मध्ये दिसलं. तिथे 'पसरणे' हेच क्रियापद हवं.

आडवाट: मॅलॅट-१ या आरएनएचं काय करताय? नावातच 'पसरण्याशी संबंधित' आहे, त्याचं भाषांतर करावं का?

पेशीवाली: मुळीच नको. २००३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात सापडला, तेव्हा ते नाव मिळालं. २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचं पसरणं तो उलट रोखताना दिसला. नाव भाषांतरित केलंत तर तो वाद मराठीत एकतर्फी निकाली निघेल. विशेषनाम आहे, तसंच राहू द्या.

खडूफळा: बरं. शेवटचं एक: वर्तुळाकार आरएनए मायक्रोआरएनएना 'स्पंजसारखे' शोषतात, असं वाक्य आहे. एकावर म्हणे मिर-७ ला चिकटायला ७० हून जास्त जागा. स्पंजच ठेवू?

आडवाट: टीपकागद!

खडूफळा: आजच्या पोरांनी टीपकागद पाहिलाय कुठे? स्पंजच ठेवतो.