सोल्डरिंगच्या धुरासाठी घरच्या घरी स्वस्तात काय करता येईल?

जोडतार: नमस्कार मंडळी. रात्री खोलीत बसून सोल्डरिंग करतो. बोर्डावर वाकलं की धूर सरळ नाकातोंडात. हल्ली घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. जुन्या कॉम्प्युटरमधला १२० मिमीचा पंखा पडून आहे, त्याला कार्बनचा स्पंज लावला तर भागेल का? तयार यंत्र सध्या परवडणारं नाही. सोल्डरच्या तारेतल्या शिशाची वाफ छातीत जाते म्हणतात, तेही खरं का?

राळवाला: आधी शिशाचं सांगतो. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक साधारण ३५० अंश सेल्सिअसवर असतं आणि शिसं उकळतं १७४९ अंश सेल्सिअसला, त्यामुळे त्याची वाफ जवळपास होतच नाही. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. काम झालं की साबणाने हात धुवा, टेबलावर खाणंपिणं नको.

दिसतो तो धूर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून तारेत घातलेल्या पदार्थाचा, बहुतेक राळेचा. पण म्हणून निर्धास्त राहू नका. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे जराशा धुरानेही छाती भरून येते. घसा आत्ताच कुरकुरतोय, तर हे काम लांबणीवर टाकू नका.

तो पातळ स्पंज थोडाफार वास शोषेल. धुराचे कण मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, ते आरपार जातात आणि पंखा त्यांना खोलीतच परत सोडतो. खिडकी असेल तर सरळ बाहेर काढा. खिडकीच्या मापाचा प्लायचा तुकडा, त्याला भोक, त्यात १०० मिमीचा पाइप. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका बरा. कॉम्प्युटरचा पंखा उघड्यावर छान वारा देतो, पण पाइपला जोडला की दमतो, कारण त्याला दाब नसतो. ब्लोअर किंवा पाइपच्या मध्ये बसणारा डक्ट फॅन घ्या. पैसे घालायचे तर तिथे घाला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे १०० मिमीच्या पाइपाला १० सेंमीवरच ही गत! पाइपचं तोंड सोल्डर करता त्या जागेच्या अगदी जवळ, तुमच्या समोरच्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर चेहऱ्यापासून दूर ओढला जाईल. तोंडाभोवती पुठ्ठ्याची रुंद कड लावली की मागची फुकट हवा ओढली जात नाही.

छोटीखोली: माझ्याकडे खिडकीच नाही. मग काय करावं?

राळवाला: मग आधी साधा जाळीचा फिल्टर, त्यामागे हेपा (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर), शेवटी दाणेदार कार्बनचा जाड थर, याच क्रमाने. फ्लक्स चिकट असतो, पुढची जाळी नसेल तर हेपा लवकर तुंबतो. इतक्या थरांतून हवा ओढायला ब्लोअरच लागेल.

जोडतार: पुठ्ठ्याची कड लावून पाइप तात्पुरता बांधला, उदबत्ती धरून पाहिली. छताचा पंखा चालू असताना धूर भरकटतो, बंद केला की सरळ आत जातो. दार लावलं की मात्र ओढ कमी होते.

राळवाला: बाहेर जाते तितकी हवा आत यायला हवी. दार बोटभर उघडं ठेवा. घरात चिमणीवर चालणारा गॅस गीझर असेल तर जपून, हा पंखा त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो.

जोडतार: गीझर विजेचा आहे. उद्या प्लाय कापतो.