श्रिंकफ्लेशनला, म्हणजे किंमत तीच ठेवून पुड्यातला माल कमी करण्याला, आपल्याकडे काय म्हणतात?

चिपळूणकर: पेपरवाले छुपी भाववाढ लिहितात, अर्थ बरोबर आहे पण तोंडात बसत नाही. इथल्या एका स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानातून सामान आणलं, साबण, बिस्किटं, सगळ्याची किंमत तीच नि वजन उतरलेलं, आणि तेलाची पिशवी लिटरची समजून उचलली ती ८०० ग्रॅमची निघाली, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. घरी सगळे म्हणाले मापात पाप.

दापोलीचा वाणी: मापात पाप नाही हो हे. दांडी मारून किलोला ९०० दिले तर ते पाप, इथे ८०० लिहून ८००च देतात. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल असल्या मालाचे पुडे ठरलेल्या वजनातच काढावे लागायचे, पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांत यादीच होती, २०२१ च्या दुरुस्तीत ती गेली नि बदल्यात ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते छापायचं आलं. आता ८५ ग्रॅम काढा नाहीतर ७२, कायद्याला चालतं.

कुडाळची माई: आमी आपला म्हणतो, पुडो आटलो. विहीर आटता तशी, भायरसून बघशात तर तशीच!

चिपळूणकर: वा माई! पण विहीर आपोआप आटते, हा कोणीतरी मुद्दाम आटवलाय ना. 'पुडा आटवला' कसं वाटतं?

दापोलीचा वाणी: दूध आटवलं तर निदान घट्ट होतं, इथे नुसती हवा :) आमच्याकडे जुनी माणसं 'शीग काढली' म्हणायची, मापटं खरंच पण वरची रास हाताने सपाट केलेली. मला तोच शब्द जवळचा वाटतो.

कुडाळची माई: शीग समोर काढतत, दिसता. मासळीचो वाटोय १०० चोच ऱ्हवता नि बांगडे कमी होतत, पण थंय 'वर एक घाल गो' म्हणाक येता. दुकानातल्या मशीनवाल्याक काय सांगतलस?

चिपळूणकर: पटलं, मग आटवलाच. आणि हिशोब पण बघा, १० रुपयांत १०० चे ८० ग्रॅम झाले की वजन २० टक्के घटलं पण भाव २५ टक्के वाढला. फॅमिली पॅक स्वस्तच असतो असंही नाही, कधी कधी छोटा पुडा ग्रॅमला कमी पडतो.

कुडाळची माई: ता ग्रॅमचा खंय लिवलेला असता?

दापोलीचा वाणी: एमआरपीच्या आसपास बघा, यूएसपी म्हणून असतं, म्हणजे युनिट सेल प्राइस. बारीक असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करा.