एंडोमेट्रिऑसिस: गर्भाची पिशवी आणि ओव्हरीज काढायच्या की पाळी जाईपर्यंत गोळ्यांवर थांबायचं? मदत हवी आहे

निळीशाई
लवकर ठरवायचं आहे म्हणून थेट लिहिते. एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो तो आजार) जुनाच आहे, दुर्बिणीचं एक ऑपरेशन पूर्वी झालंय. मधली वर्षं बरी गेली. आता पुन्हा सगळं सुरू झालंय आणि आधीपेक्षा जोरात. पाळी कधी लवकर, कधी दोन-दोन महिने नाही, आणि आली की अंगावर एवढं जातं की घराबाहेर पडायची सोय नाही. ओटीपोट, कंबर, मांड्या, सगळं भरून येतं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही दुखण्यावरची गोळी आता पुरत नाही.

एक डॉक्टर म्हणतात पिशवी आणि दोन्ही ओव्हरीज काढून टाका, कटकट मिटेल. दुसऱ्या म्हणतात डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी घ्या, पाळी गेली की आपोआप शांत होईल. पहिल्यांनी ऑपरेशनची तारीख कळवायला सांगितली आहे. ज्यांनी या वयात यातलं काही केलंय त्यांनी सांगा. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच कृपया लिहू नका, दोघांना विचारूनच इथे आले आहे.

काजवा
या वयात म्हणजे कोणत्या? ४० आणि ५० ला उत्तर वेगळं असतं. चॉकलेट सिस्ट (ओव्हरीत जुनं रक्त साठून झालेली गाठ) आहे का, किती मोठी? पहिल्या ऑपरेशनमध्ये काय सापडलं होतं? हिमोग्लोबिन किती? अर्धशिशी, रक्तदाब, सिगारेट, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या? हे कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

चैत्रपालवी
काढून टाका ताई. मी ४७ व्या वर्षी पिशवी काढली. त्याआधीची किती वर्षं मी पाळीच्या तारखांभोवती जगले. आता विचारही येत नाही. मुलं झालेली असतील तर ती पिशवी ठेवून करायचं काय?

पाऊलवाट
एएमएच (अंडी किती उरली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासलं का? एंडोमेट्रिऑसिसमध्ये अंडी लवकर कमी होतात. माझ्या बहिणीने वेळेत अंडी गोठवून ठेवली म्हणून पुढे आयव्हीएफ जमलं. ऑपरेशनच्या आधी हा विचार नक्की करा.

निळीशाई
@पाऊलवाट, माझी मुलं कॉलेजात आहेत. तो प्रश्नच नाही.
@काजवा, वय ४४. डावीकडे ५ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट. हिमोग्लोबिन ९. सीए १२५ (कॅन्सरची शंका असली की करतात ती रक्ततपासणी) वाढलेलं आलंय, तेव्हापासून घरातले सगळे घाबरलेत. अर्धशिशी आहे, आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं आणि मग डोकं धरतं. पण त्याचा इथे काय संबंध?

उंबरठा
@चैत्रपालवी, तुमच्या रिपोर्टवर अ‍ॅडिनोमायोसिस होतं ना? मागे एकदा तुम्हीच लिहिलं होतंत. ते पिशवीच्या भिंतीतलं दुखणं, पिशवीबरोबर जातं. एंडोमेट्रिऑसिस पिशवीच्या बाहेर असतं: ओव्हरीवर, पिशवीच्या मागे, आतड्याला, लघवीच्या नळीला. नुसती पिशवी काढली आणि ते तसंच ठेवलं तर दुखणं राहू शकतं. माझं राहिलं होतं. दुसऱ्यांदा आत जाऊन ते चट्टे मुळातून कापून काढले तेव्हा कुठे मी सरळ बसू शकले. म्हणून निळीशाई, त्या डॉक्टरांना एवढंच विचारा: पिशवी काढताना बाकीचे चट्टे काढणार की नाही?

चैत्रपालवी
दोन्ही होतं मला, अ‍ॅडिनोमायोसिस आणि एंडोमेट्रिऑसिस. आणि मी बरी आहे. घाबरवू नका तिला.

काजवा
मी स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे, अर्धशिशीचं सांगते. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे असं चमकत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. तुमच्या दोन्ही डॉक्टरांना हे माहीत आहे का? डायनोजेस्टमध्ये इस्ट्रोजेन नसतं, म्हणून तो पर्याय उरतो.

सीए १२५ एंडोमेट्रिऑसिसमध्ये वाढू शकतं, पाळीच्या दिवसांतही वाढू शकतं. एकट्या त्या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. सिस्टच्या आत घट्ट भाग दिसतोय का, त्यात रक्तप्रवाह आहे का, ती भराभर वाढतेय का, हे पाहायचं. सोनोग्राफीत शंका असेल तर एमआरआय. चॉकलेट सिस्ट असलेल्यांत ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो हे खरं, पण तरीही तो फार थोड्या जणींना होतो.

आणि पाळी इतकी अनियमित, इतकी जास्त असेल तर पिशवीच्या अस्तराची तपासणीही करून घ्यायला हवी. सगळंच एंडोमेट्रिऑसिसच्या नावावर टाकून चालत नाही.

ओंजळ
कुणीच आहाराबद्दल बोलत नाही याचं वाईट वाटतं. ग्लुटेन आणि दूध बंद करून पाहा. माझी सूज, पोटफुगी सगळं उतरलं. पाळी जायला आली की हार्मोन तसेही कमी होत जातात, थोडा धीर धरला तर ऑपरेशन कशाला?

उंबरठा
ओंजळ, पोटफुगी उतरली ही चांगली गोष्ट आहे. पण हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईला आधी लोह भरून काढायला सांगायचं, जेवणातून आणखी काही कमी करायला नाही. आणि हार्मोन उतरत्या जिन्यासारखे एकेक पायरी खाली येत नाहीत. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन हेलकावे खातं, कधी पूर्वीपेक्षाही वर जातं. अंडं सुटत नाही त्या महिन्यात इस्ट्रोजेनला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. म्हणून या वर्षांत दुखणं आणि रक्तस्राव वाढू शकतो. निळीशाईंना जे होतंय ते असंच आहे. शिवाय पाळी साधारण ४५ ते ५५ च्या मधे कधीही जाते. ४४ व्या वर्षी 'थोडा धीर' म्हणजे किती वर्षं, हे कुणीही सांगू शकत नाही.

ओंजळ
मी माझा अनुभव सांगितला. गोळ्यांचेही दुष्परिणाम असतातच की.

कोराकागद
माझ्या पत्नीला पाळी बंद ठेवण्याची ल्युप्रोलाइड इंजेक्शनं दिली होती. पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं उलट वाढलं, आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मग आराम पडला, पण अंगातून वाफा यायच्या आणि झोप गेली. नंतर सोबत थोडी हार्मोनची गोळी दिली तेव्हा सुसह्य झालं. हाडांसाठीही ती सोबतची गोळी लागते म्हणाले. एक फायदा झाला: ओव्हरीज बंद पडल्यावर दुखणं किती कमी होतं आणि बाकी शरीराचं काय होतं, हे काढायच्या आधी कळलं. तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा.

निळीशाई
ओव्हरीज ठेवल्या तर परत होणार ना? पहिले डॉक्टर तेच म्हणाले. मग एकदाच काढून मोकळं व्हावंसं वाटतं. किती सहन करायचं माणसाने.

उंबरठा
ठेवल्या तर परत होण्याची शक्यता जास्त असते, ते खोटं बोलले नाहीत. पण ४४ ला दोन्ही काढल्या की पाळी एका दिवसात जाते. हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार, दोन्हींचा धोका वाढतो. म्हणून लवकर काढल्यावर, दुसरी अडचण नसेल तर, निदान पाळी जायच्या सर्वसाधारण वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत, हार्मोन द्यावे लागतात. याबद्दल तुमच्याशी कुणी बोललं का?

चैत्रपालवी
हार्मोन? ज्या इस्ट्रोजेनवर हा रोग पोसतो तेच परत द्यायचं? आणि ब्रेस्ट कॅन्सरचं काय? माझ्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं.

काजवा
चैत्रपालवी, तुम्ही ४७ ला पिशवी काढली, ओव्हरीज ठेवल्या होत्या ना? मग तुम्हाला त्याची गरजच नव्हती. लवकर पाळी गेलेल्या बाईला तिच्या वयाला असायला हवं तेवढं परत देणं वेगळं, आणि साठीनंतर नव्याने सुरू करणं वेगळं. युरोपमधल्या ईएसएचआरई या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहे: एंडोमेट्रिऑसिस असलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं टाळा, पिशवी काढलेली असली तरी सोबत प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) द्या. अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन पॅच किंवा जेलमधून देणं बरं समजतात. हे सगळं ऑपरेशनच्या आधी ठरायला हवं.

सायसाखर
हाडांचा विषय निघालाय म्हणून विचारते, मला पन्नाशीनंतर गुडघ्यांचा फार त्रास आहे. व्हिटॅमिन डी आठवड्याला घ्यावं की रोज? हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन गुडघ्याचा करतात का?

काजवा
डेक्सा सहसा कंबरेचे मणके आणि खुब्याचा करतात. गुडघ्यासाठी वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

मोरपीस
डायनोजेस्ट मी बराच काळ घेतेय, २ मिलिग्रॅम, रोज ठरलेल्या वेळी. सुरुवातीचे महिने डाग पडतच राहतात. तिथेच बहुतेक जणी सोडतात. माझं दुखणं निम्म्याहून कमी झालं. मन मात्र काही दिवस फार उदास होतं, त्यावर लक्ष ठेवा. आणि डायनोजेस्ट गर्भनिरोधक म्हणून धरू नका, ४४ ला अजून गरज असते. रक्तस्राव हाच मोठा त्रास असेल तर मिरेनाही (पिशवीत बसवायची, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू) विचारा. पाळी खूपच हलकी होते. पण तिच्यावर अंडं सुटणं बऱ्याचदा चालूच राहतं, त्यामुळे सिस्ट परत होऊ शकते.

एक विचारू का? पाळीत शौचाला बसताना दुखतं का?

निळीशाई
हो. पाळीच्या दिवसांत तिथे सुरी फिरल्यासारखं होतं, एकदोनदा रक्तही दिसलं. ते सगळ्यांनाच होतं ना? पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर 'आतडं चिकटलेलं, सोडवलं नाही' असं काहीसं होतं.

उंबरठा
नाही, सगळ्यांना होत नाही. निळीशाई, हे पहिल्या ओळीत हवं होतं. आतड्यात रोग असेल तर ऑपरेशन नेहमीचं नाही. आतड्याचे सर्जन बरोबर लागतात, एमआरआय आधी लागतो. आतडं तसंच ठेवून पिशवी आणि ओव्हरीज काढल्या तर तुमची कटकट मिटेलच असं नाही. तारीख देऊ नका अजून.

काजवा
आणि किडनीची सोनोग्राफी. खोलवरचा एंडोमेट्रिऑसिस लघवीच्या नळीला दाबतो तेव्हा दुखेलच असं नाही, किडनी गुपचूप फुगत राहते. तसं असेल तर नुसत्या गोळ्यांवर वाट बघणंही चालत नाही. रक्त दिसलं म्हणालात, ते दोन्ही डॉक्टरांना सांगा. शौचातून रक्त पाळीत आलं तरी आतड्याची तपासणी लागते का ते त्यांना ठरवू दे.

चैत्रपालवी
हे मला माहीत नव्हतं. माझ्या आतड्याला काही नव्हतं. आधी एमआरआय करा ताई.

निळीशाई
एमआरआय झाला. पिशवीच्या मागे गाठ आहे, गुदाशयाला चिकटलेली. सिस्टमध्ये घट्ट भाग नाही. किडन्या आणि नळ्या ठीक आहेत. अस्तराची तपासणीही साधी आली. पहिल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, ते म्हणाले आतड्याचं काम मी करत नाही. त्यांना तारीख दिली नाही.

डायनोजेस्ट आणि लोह सुरू केलंय. आतड्याचे सर्जन आणि एंडोमेट्रिऑसिसची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टर दोघे एकत्र बघणार आहेत. ऑपरेशन झालंच तर उजवी ओव्हरी ठेवता येईल का, हे मी लिहून नेणार आहे. आतड्याचा तुकडा काढावा लागतो की नुसती गाठ खरवडता येते? कुणाचं झालंय का?

उंबरठा
माझी वरवरची होती, नुसती खरवडली. गाठ किती खोल गेलीय आणि आतड्याचा किती घेर धरलाय त्यावर ठरतं. हे दोन्ही रिपोर्टमध्ये असायला हवं. नसेल तर रेडिऑलॉजिस्टकडून लिहून घ्या. तुकडा काढला तर काही काळ पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल का, हेही त्याच भेटीत विचारा.

निळीशाई
घेर लिहिलेला नाही. उद्या फोन करते.