फेलिक्स घाबरला, पुढे काय झालं?

सदरवाला
नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की आमच्या नागपुरात संजीवन सभांचा, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या उपदेशाच्या सभांचाही हंगाम लागतो. यंदा एका सभेत बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 24 घेतला होता. येशूचा प्रेषित पौल यहूदी पुढाऱ्यांच्या आरोपांवरून कैसरिया शहरात कैदेत आहे. रोमन सुभेदार फेलिक्स आणि त्याची बायको द्रुसिल्ला त्याला बोलावून घेतात. पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांवर बोलतो. फेलिक्स घाबरतो आणि म्हणतो, आता जा, सवड झाली की बोलावीन.

उपदेशकांनी यावर तासभर घेतला. सवड कधी होत नसते, आज रात्री घरी पोचाल याची काय खात्री, वर्धा रोडचे अपघात, करोनात गेलेली माणसं, सगळं आलं. मग डोळे मिटा, येशूला स्वीकारायचं असेल तर हात वर करा. माझ्या शेजारची शाळकरी पोरगी हुंदके देत होती. तिनं असं कोणतं पाप केलं असेल, कोण जाणे.

माझं म्हणणं, कथा अर्धीच वाचली. सव्विसावं वचन बघा. पौलाकडून पैसे मिळतील या आशेनं फेलिक्स त्याला पुन्हा पुन्हा बोलावून घेत होता, त्याच्याशी बोलत होता. म्हणजे सवड भरपूर झाली! आणि भीतीही खरीच होती, समोर साक्षात पौल होता. तरी दोन वर्षांनी फेस्त त्याच्या जागी आला तेव्हा पौल तुरुंगातच, कारण यहूद्यांची मर्जी राखायची होती. भीतीनं माणूस तयार होत असता तर फेलिक्स पहिला तयार झाला असता. मग आपण मंचावरून भीतीच का वाटतो?

जागता पहारेकरी
सदरवाला भाऊ, सलाम. सपशेल असहमत. बायबलातल्या योना संदेष्ट्यानं निनवे शहरात काय सांगितलं? चाळीस दिवस, मग शहर उलथं होणार. त्यात गोड शब्द एक नाही. तरी राजासकट सगळे गोणपाट नेसून बसले आणि शहर वाचलं. एक घाबरून सुधारला नाही म्हणून इशारा देणंच चूक ठरतं का?

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा लोक गाढ झोपेत होते, पाणी खाटेला लागलं तेव्हा जाग आली. अर्धा तास आधी कोणी दार बडवलं असतं तर त्याला ‘भीती पसरवतो’ म्हणाला असता का? पाळकानं दार बडवायचं नाही तर कोणी बडवायचं? आपली पोरं रात्री दोनपर्यंत मोबाईलवर, रविवारी उपासनेला यायला मात्र डोकं दुखतं. त्यांना ‘देव प्रेम आहे’ इतकंच सांगून चालतं का?

अंबाझरी लेआऊट
बाप्पा, पुराचं उदाहरण आमच्यासमोर देऊ नका. आमचा तळमजला अख्खा गेला. त्या रात्री कोणी दार बडवलं असतं तर उपकारच झाले असते, नाही म्हणत नाही. पण पाण्याच्या वाटेत बांधकामं झाली, नाल्याचा गळा आवळला, त्यावर लोक किती आधीपासून बोलत होते. ऐकणाऱ्यांनीही म्हटलंच असेल, सवड झाली की बघू. ज्यानं पुढे ढकललं तो कोरडा राहिला, भिजलो आम्ही. फेलिक्सचंही तेच झालं ना? चालढकल त्याची, कैद पौलाची.

काळा कोट
मी ख्रिस्ती नाही, वाचत होतो, राहवलं नाही. तुम्ही सगळे फेलिक्सच्या आत्म्याचं काय होईल यावर भांडताय, पण त्या गोष्टीत एक कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी, बसलेला आहे. साहेबाला वाटतं काहीतरी हातावर पडेल, म्हणून निकाल नाही, सुटका नाही. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सांगतं की पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर काही अपवाद सोडून त्याला सोडायचं. कलम आहे, पण कागद हलवणारा कोणीतरी लागतो. तातडी म्हणतात ती मला इथे दिसते.

गोंडवाना
काळा कोट, भारी. मला हिस्लॉपसाहेब आठवले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले. 1863 च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटहून परतताना भरलेल्या ओढ्यात वाहून गेले. ‘आजच निर्णय घ्या’ म्हणायला हे मरण अगदी सोयीचं. पण माणूस टाकळघाटला गेला होता जुनी दगडी वर्तुळं बघायला! येणाऱ्या न्यायावर त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा कमी नव्हता. तरी शाळा चालवली, खडक तपासले, गोंडांच्या भाषेचे आणि चालीरीतींचे कागद जमवले. ते कागद 1866 मध्ये रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं छापले, हिस्लॉप गेल्यावर. आणि येशूनं सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यात, मत्तय 25 मध्ये, दहा जणी दिवे घेऊन वराची वाट बघत होत्या, त्याला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्या पाचसुद्धा. तेल भरलेलं होतं, म्हणून त्यांना झोप परवडली.

जागता पहारेकरी
तेल भरलेलं होतं, बरोबर. पण बाकीच्या पाच जणी तेल आणायला गेल्या तेवढ्यात वर आला आणि त्यांच्यासाठी दार बंद झालं, हेही त्याच अध्यायात आहे, ते का गाळता? वधस्तंभावर येशूच्या दोन बाजूंना दोन चोर होते. दोघांकडे वेळ तितकाच. एकानं मागितलं, एकानं थट्टा केली. मी हिस्लॉपच्या शाळेविरुद्ध नाही की कैद्याच्या सुटकेविरुद्ध नाही. पण ती कामं करता करता माणूस स्वतःचा हिशोब टाळू शकतो. मंडळीत असे कार्यकर्ते मी पाहिलेत, सगळ्या कमिट्यांवर नाव, घरात भावाशी बोलणं बंद.

सदरवाला
हा मुद्दा खरा लागला. पण मग मंचावरून तेच सांगा ना! ‘आज रात्री मेलास तर’ ऐवजी ‘आज रात्री भावाला फोन लाव’ म्हणा. आणि त्या सभेत हात वर करणाऱ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून घेतली होती. त्या पोरीच्या घरी अजून कोणी गेलेलं नाही, मी विचारलं. तातडी फक्त हात वर करण्यापुरतीच का?

जागता पहारेकरी
जायला पाहिजे होतं, यात वाद नाही. पत्ता कळवा, मी आणि आमची बायको या शनिवारी जाऊन येतो. पण पुढच्या सभेतही मी हात वर करायला सांगणारच.

सदरवाला
सांगा. शाळकरी पोरांना मागच्या रांगेत बसवा एवढंच.