मदत हवी आहे: फ्रीबीएसडीवर रूटचे लॉगिन शेल बॅश करावे का?

नमस्कार.

आमच्या संस्थेतील फ्रीबीएसडी (युनिक्स परंपरेतील एक कार्यकारी प्रणाली) सर्व्हरांची देखभाल मी आणि माझे दोन सहकारी करतो. दोघेही लिनक्सवर तयार झालेले असल्यामुळे सर्व यंत्रांवर रूटचे (सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याचे) लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन होताच आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, बॅश असावे, असा त्यांचा आग्रह आहे. निर्णय घेण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावेसे वाटते.

सध्याची स्थिती अशी आहे. जुन्या यंत्रांवर रूटला सीशेल, म्हणजे प्रत्यक्षात टीसीशेल आहे. नोव्हेंबर २०२३ मधील १४.० आवृत्तीपासून बोर्न शेलच्या परंपरेतील एसएच हे रूटचे मूळ शेल झाले, त्यामुळे नव्याने उभारलेल्या यंत्रांवर ते आहे. त्रुटीसंदेश आणि सामान्य आउटपुट एकाच फाइलमध्ये वळवण्याची बोर्न शेलची नेहमीची लेखनपद्धत सीशेल स्वीकारत नाही. परिणामी एसएसएचवरून (दूरस्थ लॉगिनच्या सुविधेवरून) सर्व यंत्रांना दिलेली एकच आज्ञा काही ठिकाणी चालते आणि काही ठिकाणी ‘आउटपुट संदिग्ध आहे’ अशा अर्थाची तक्रार येऊन थांबते. सर्वत्र एकच शेल हवे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. मतभेद आहे तो कोणते, एवढ्यापुरताच.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत बॅश हे मूळ प्रणालीचाच भाग असते. फ्रीबीएसडीवर मात्र ते स्वतंत्रपणे बसवायचे पॅकेज म्हणून येते, /यूएसआर/लोकल/बिन मध्ये बसते आणि /यूएसआर/लोकल/लिब मधील लायब्ररींवर (सामायिक कोडच्या फाइलींवर) अवलंबून असते. सिंगल-यूजर अवस्थेत (दुरुस्तीसाठीच्या मर्यादित अवस्थेत) केवळ रूट पार्टिशन (डिस्कचा मूळ विभाग) माउंट झालेले, म्हणजे वापरासाठी जोडलेले असते, तेव्हा बॅश सापडणार नाही, म्हणून रूटच्या शेलला हात लावू नये, असा जुना सल्ला आहे. परंतु त्या अवस्थेत इनिट (यंत्र सुरू होताना चालणारा पहिला प्रोग्राम) पासवर्ड फाइलमधील शेल पाहतच नाही. ते शेलचा पूर्ण मार्ग विचारते आणि नुसते एंटर दाबले तर /बिन/एसएच सुरू करते. शिवाय /रेस्क्यू मध्ये स्थिर जोडणीची, कोणत्याही लायब्ररीविना चालणारी साधने असतातच. आमच्या यंत्रांवर झेडएफएस या फाइल-प्रणालीची मांडणी इन्स्टॉलरने स्वतः केलेली आहे, त्यामुळे /यूएसआर/लोकल देखील रूटच्याच डेटासेटमध्ये (झेडएफएसच्या विभागामध्ये) आहे.

मग हा सल्ला आता केवळ परंपरा म्हणून उरला आहे का? आणि बॅश देऊ नये असेच आपले मत असेल, तर रूटच्या प्रोफाइल फाइलमध्ये, बॅशची फाइल उपलब्ध असल्यास एक्झेकने (चालू शेलची जागा दुसऱ्या प्रोग्रामला देणाऱ्या आज्ञेने) तिच्यात जावे, अशी ओळ लिहिणे हा सुरक्षित मध्यममार्ग ठरेल का? कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सिंगल-यूजरबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे, तरीही माझे उत्तर ‘बॅश करू नका’ असेच आहे. खरा धोका यंत्र पूर्णपणे सुरू असताना संभवतो. पॅकेजे अद्ययावत करण्याचे काम अर्ध्यात थांबले किंवा बॅशला लागणारी एखादी लायब्ररी बदलली, तर बॅशची फाइल जागेवर असूनही ती चालत नाही. अशा वेळी रूटचे शेल तेच असेल, तर दुरुस्तीसाठी आत येण्याची वाटच बंद होते. कन्सोलवरील लॉगिन आणि साधे एसयू (दुसऱ्या खात्यात जाण्याची आज्ञा) दोन्ही निरुपयोगी ठरतात. सुडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे साधन) हेदेखील पॅकेजच आहे, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. यंत्र दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर एका लायब्ररीसाठी कन्सोलपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था करावी लागते. /बिन/एसएच ज्या लायब्ररी वापरते त्या /लिब मध्ये, मूळ प्रणालीसोबत येतात आणि पॅकेजांच्या उलथापालथीचा त्यांना स्पर्श होत नाही.

आपण सुचवलेली प्रोफाइलमधील ओळ याच कारणाने फसवी आहे. फाइल उपलब्ध आणि चालवण्याजोगी आहे का, ही तपासणी लायब्ररी नसतानाही यशस्वी होते. त्यानंतर एक्झेक चालू एसएचची जागा बॅशला देते, बॅश लायब्ररीअभावी तत्क्षणी बंद पडते आणि परतायला एसएच उरलेले नसते. ओळ लिहायचीच असेल, तर बॅशकडून आधी एक क्षुल्लक आज्ञा चालवून घ्यावी आणि ती यशस्वी झाली तरच एक्झेक करावे. माझ्या मते त्याचीही गरज नाही: लॉगिन झाल्यावर ‘बॅश’ एवढे टाइप करण्याने काही अडत नाही, आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्या खात्यांचे शेल खुशाल बॅश ठेवावे.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. अस्तित्वाची तपासणी आणि प्रत्यक्ष चालणे यांतील फरक माझ्या लक्षात आला नव्हता. एक शंका उरते: यूआयडी (खात्याचा क्रमांक) शून्य, म्हणजे रूटइतकेच अधिकार असलेले ‘टूर’ हे दुसरे खाते फ्रीबीएसडीसोबत येतेच. रूटला एसएच ठेवून टूरला बॅश द्यावे का?

प्रतिसाद २

ते खाते याच उपयोगासाठी ठेवलेले आहे, आणि पासवर्ड देईपर्यंत ते बंद असते. मात्र ते उघडले की सर्वाधिकार असलेला आणखी एक पासवर्ड सांभाळावा लागतो, म्हणून तिघांच्या गटासाठी मी ते सुचवणार नाही. त्याऐवजी एसयूचा ‘एम’ हा पर्याय पाहावा. त्यात आज्ञा देणाऱ्याचे स्वतःचे शेल आणि परिसर (एन्व्हायर्नमेंट) कायम राहून रूटचे अधिकार मिळतात. होम निर्देशिकाही त्याचीच राहते, त्यामुळे तेथे तयार होणाऱ्या नव्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, याकडे लक्ष ठेवावे.

जुन्या यंत्रांवर सीशेलऐवजी एसएच करताना चालू असलेले रूटचे सत्र बंद करू नये. दुसऱ्या टर्मिनलवरून नवे लॉगिन यशस्वी झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच पहिले सत्र सोडावे. रूटच्या सीशेलच्या आरंभफाइलीत काही मार्ग किंवा उपनावे लिहिलेली असतील, तर ती एसएच वाचणार नाही. ती आधी प्रोफाइल फाइलमध्ये बोर्न शेलच्या पद्धतीने लिहून घ्यावीत.