निवडक शीटची एकच पीडीएफ: गट मोडणारी ओळ हवीच

एक्सेल फाइलमधल्या काही निवडक शीटची मिळून एकच पीडीएफ मॅक्रोने, म्हणजे व्हीबीए कोडने, कशी काढावी, असा प्रश्न इथे विचारला आहे. प्रत्येक शीटची वेगळी पीडीएफ काढून नंतर त्या जोडाव्यात, हा त्यावर आधी सुचवलेला मार्ग चालतो, पण एक्सेलमध्ये त्याची गरज नाही. ‘शीट्स’ला ‘ॲरे’मधून, म्हणजे यादीतून, हवी ती नावे देऊन ‘सिलेक्ट’ करावे आणि ‘ॲक्टिव्हशीट’वर (समोर असलेल्या शीटवर) ‘एक्स्पोर्टॲजफिक्स्डफॉरमॅट’ ही पीडीएफ काढणारी आज्ञा चालवावी, म्हणजे निवडलेल्या सगळ्या शीट एकाच फाइलमध्ये येतात, असे सांगणाऱ्या नंतरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र त्या कोडमध्ये शेवटची ओळ राहिली आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पीडीएफ तयार झाल्यावरही त्या शीट गटातच, म्हणजे एकत्र निवडलेल्याच, राहतात. अशा अवस्थेत कोणी ‘जानेवारी’ या शीटच्या बी५ मध्ये रक्कम भरली, तर तीच रक्कम ‘फेब्रुवारी’ आणि ‘मार्च’च्या बी५ मध्येही जाऊन बसते आणि तिथला आधीचा आकडा कोणतीही सूचना न मिळता पुसला जातो. हिशेबाच्या फाइलमध्ये हे फार महागात पडते. म्हणून पीडीएफ काढल्यावर लगेच एकाच शीटला ‘सिलेक्ट’ करून गट मोडावा. त्याच नावाची जुनी पीडीएफ ती वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल तर कोड मध्येच अडू शकतो, तेव्हाही ही ओळ चालेल अशी सोय ‘ऑन एरर’ने (त्रुटी आल्यावर काय करायचे ते ठरवणाऱ्या ओळीने) करून ठेवावी.

पानांचा क्रम ॲरेतल्या नावांप्रमाणे नव्हे, तर खालच्या टॅबप्रमाणे लागतो. लपवलेल्या शीटचे नाव ॲरेत असेल, तर ‘सिलेक्ट’लाच १००४ ही त्रुटी येते, ती शीट आधी दृश्य करावी लागते.